सायकलीच्या तुंब्यावरील अक्षरें

परवां खंडेनवमीच्या सकाळीं आमच्या रत्नागिरीच्या घरीं नेहमींप्रमाणें शस्त्रपूजा झाली. आमच्या घरीं शस्त्रें तीं काय असावयाचीं! विळी, कोयती, नारळ सोलावयाचा सुळा, काकूंचें शिवणयंत्र, मुलांचे संगणक, आणि पडवींत भिंतीशीं टेकलेली एक जुनी काळी सायकल. या सायकलीवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणी बसलेलें नाहीं. पण झेंडूचें फूल तिला एकदांहि चुकलेलें नाहीं. फूल वाहतांना धाकटे काका म्हणाले, "अण्णांची सायकल!" त्यावर ओटीवर बसलेली आत्या दरवर्षीं म्हणते तेंच पुन्हां म्हणाली, "सायकल अण्णांची. मागचें चाक माझें." सर्वजण हंसले. आम्हीहि हंसलों. आत्यानें नव्वदी ओलांडली आहे, आणि त्या वयाच्या माणसाचें बोलणें ऐकून घ्यावयाचें, पण मनावर घ्यावयाचें नाहीं, अशी एक संवय घरोघर असते.

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. ते येथील कचेरींत कारकून होते. १९३६ च्या सुमारास त्यांनीं ही सायकल घेतली आणि १९४८ सालीं ते वारले. त्यांच्यामागें ती आमच्या वडिलांनीं वापरली, वडिलांमागें कांहीं दिवस आम्हीं. आतां तिच्यावर प्रेम करणारा असा एक पुतण्या तेवढा आहे. तो मुंबईस असतो. त्याचा बेत असा होता कीं, सांगाडा तेवढा मुंबईस न्यावा, त्यास नवीं चाकें बसवावीं, आणि जुनीं गंजकीं चाकें येथेंच भंगारवाल्याच्या स्वाधीन करावीं. भंगारवाला सोमवारीं यावयाचा होता. चाकें काढून ठेवण्याचें काम शनिवारीं दुपारीं आमच्या वांट्यास आलें. मागच्या चाकाचा नट कांहीं केल्या सुटेना, म्हणून आम्हीं त्यावर रॉकेल ओतलें, आणि तें ओघळून चाकाच्या मध्यभागीं गेलें, तों तेथील काळ्या मळाखालून कांहीं अक्षरें डोकावूं लागलीं.

त्या अक्षरांनीं आमच्या घरांत जें केलें तें पुढें येईलच. परंतु अनेक घरांच्या पडव्यांत आणि माळ्यांवर अशा सायकली पडून असतील, व त्यांचा निकाल लावण्याची घाई अनेक पुतण्यांना झालेली असेल, म्हणून या कामीं आम्हांस जें थोडेंफार कळतें तें प्रथम सांगतों.

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागास आपण तुंबा म्हणतों. सायकलीच्या दुकानांत त्यालाच हब म्हणतात. जुन्या सायकलीचें कुलशील पाहावयाचें झालें म्हणजे लोक प्रथम पुढच्या नळीवरील बिल्ला पाहतात, मग रंग आणि बसावयाची सीट. हे सर्व साक्षीदार कच्चे आहेत. बिल्ला दोन बारीक खिळ्यांवर असतो. तो पडतो, किंवा दुसऱ्या सायकलीचा आणून लावतां येतो. रंग तर कोणीहि देतो. आमच्या सायकलीला तीन वेळां दिलेला आम्हांस आठवतो, आणि त्यांतला एक तर घराच्या दारांना आणलेल्या रंगांतला उरलेला होता. तुंबा मात्र सहसा कोणी बदलीत नाहीं. कारण तो बदलावयाचा म्हणजे सर्व आरे काढून पुन्हां ओवावे लागतात, आणि तेवढी मजुरी देण्यापेक्षां आंतील गोळ्या बदलून काम भागतें. म्हणून कारखान्याची खूण पन्नास-साठ वर्षांनींहि त्याच्यावर शाबूत सांपडते. तथापि एक गोष्ट विसरूं नये. तुंबा साक्ष देतो ती चाकाची, सायकलीची नव्हे. पुरें चाकच कोणीं केव्हां बदललें असेल, तर पुढचा तुंबा एक गोष्ट सांगेल आणि मागचा दुसरी, आणि दोन्ही खऱ्या असतील.

पहिली परीक्षा डोळ्यांनीं नव्हे, बोटांनीं करावी: आरे मोजावे. इंग्लंडांतील जुन्या साध्या सायकलींना पुढें ३२ आणि मागें ४० आरे असण्याची वहिवाट होती, कारण बसणाराचा बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. आपल्या देशांत पुढें कारखाने निघाले तेव्हां त्यांनींहि तीच वहिवाट उचलली. मद्रासजवळ अंबत्तूर येथें टी. आय. सायकल्सचा कारखाना १९४९ सालीं स्थापन झाला, आसनसोलचा सेन-रॅले १९५२ चा. त्याच सुमारास मुंबईंत वरळीस हिंद सायकलीहि बनत. युरोपांतील इतर देशांच्या चाकांना बहुधा पुढें-मागें सारखेच, म्हणजे ३६-३६, आरे असत. तेव्हां केवळ मोजणीनेंच अर्धें काम होतें.

त्यानंतर खूण पाहावी. यासाठीं रॉकेल, जुनें मऊ धोतर आणि धीर एवढेंच साहित्य लागतें. वाळूचा कागद किंवा तारेचा ब्रश जवळ देखील आणूं नये. हीं अक्षरें पत्र्यावर केसभर खोल उमटविलेलीं असतात. दहा मिनिटांच्या उत्साहांत तीं कायमचीं जातात. तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या केल्याचें चित्र असेल, तर तो तुंबा बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याचा. हा मूळचा बंदुकांचा कारखाना. बंदुकीची मागणी कमी झाली तेव्हां सायकलीकडे वळला, आणि खूण मात्र जुनीच ठेवली. पेरी आणि बेलिस-विली हीं नांवेंहि बर्मिंगहॅमचींच. फ्रीव्हीलवर व्हिलिअर्स हें नांव आढळल्यास तें वुल्व्हरहॅम्प्टनचें. मोटारसायकलींचीं इंजिनें करणारी प्रसिद्ध कंपनी ती हीच. टॉर्पेडो असें नांव दिसलें, तर तो जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथील फिश्टेल उंट झाक्स यांचा, पायडल उलट दाबलें असतां ब्रेक लागणारा तुंबा. तो १९०३ सालापासून निघूं लागला. अशा तुंब्याच्या डाव्या बाजूस एक लोखंडी पट्टी निघून सांगाड्याच्या नळीस बांधलेली असते, त्यावरून तो दुरूनहि ओळखतां येतो.

फ्रीव्हीलविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे. कारण नांव सर्वांस ठाऊक आणि आंतला प्रकार फार थोड्यांस. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि पुढें नांगरापासून इंजिनापर्यंत वाढलेल्या त्या मोठ्या उद्योगाचा आरंभ या दुचाकीपासून झाला, हें महाराष्ट्रांत प्रसिद्धच आहे. परंतु त्या काळच्या सायकलींना फ्रीव्हील नसे. चाक फिरलें कीं पायडल फिरलेंच पाहिजे, असा तो कारभार होता. सपाटीवर ठीक; पण उतारावर पायडलें पायांखालून सुटून गरगरूं लागत आणि बसणारानें पाय वर उचलून देवाचें नांव घ्यावें. आमच्या रत्नागिरीसारख्या गांवांत, जेथें बाजार व बंदर खालीं आणि सडा वर, तेथें त्या सायकलीवर बसणाराच्या धैर्याची कल्पनाच केलेली बरी! फ्रीव्हील सर्वत्र रूढ झालें तें एकोणिसावें शतक संपतां संपतां.

त्याची रचना अशी. बाहेरची दांतेरी चकती साखळीबरोबर फिरते. तिच्या आंतल्या बाजूस करवतीसारखे तिरपे दांते कापलेले असतात. आंतील भाग तुंब्यावर आट्यांनीं घट्ट बसलेला असतो, आणि त्याच्या खांचांत दोन लहान पोलादी जिभा असतात. दुकानांतले लोक त्यांना कुत्रे म्हणतात, आणि नांव यथार्थ आहे, कारण ते चावून धरतात. प्रत्येकाच्या पाठीशीं केसासारखी बारीक स्प्रिंग. पायडल मारलें कीं कुत्रा दांत्यांत अडकतो व चाक ओढलें जातें. पायडल थांबलें कीं दांते त्याच्या पाठीवरून टकटक करीत निघून जातात. दोन ओळींत धण्याएवढ्या गोळ्या भरलेल्या असतात, आणि वरून दोन भोकांचें झाकण.

हें झाकण उजवीकडे फिरविलें असतां सुटतें, डावीकडे फिरविलें असतां आवळतें. जगांतील बहुतेक सर्व आट्यांच्या हें उलट आहे. हें वाक्य आम्हीं सोळाव्या वर्षीं वाचलें असतें, तर एक फ्रीव्हील वांचलें असतें. त्या वेळीं आम्हीं हातोडा आणि छिनी घेऊन झाकण नेहमींच्या दिशेनें सोडविण्याची जी शिकस्त केली, तिच्यामुळें आधीं तें जन्माचें घट्ट झालें, मग त्याची एक कड उडाली, आणि शेवटीं झाकण, कुत्रे व गोळ्या अंगणभर पसरल्या. गोळ्या वेंचण्यास घरांतील सगळीं लहान मुलें लागलीं होतीं. तरी पुढें वर्षभर सारवतांना एखादी हातास लागे.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, फ्रीव्हील शक्यतों उघडूंच नये. तें सबंध काढून रात्रभर रॉकेलांत बुडवावें, सकाळीं फिरवून झटकावें, पुन्हां स्वच्छ रॉकेल घालावें, आणि काळें पाणी येणें बंद झालें म्हणजे वाळवून पातळ तेलाचे चार-पांच थेंब सोडावे. दहांतील नऊ वेळां एवढ्यानें काम होतें. सबंध फ्रीव्हील काढतांना आटे नेहमींच्याच दिशेचे असतात. पण वर्षानुवर्षें पायडल मारण्यानें तें आवळत गेलेलें असतें, म्हणून पान्यावर जोर करूं नये. पाना व्हाइसमध्यें धरावा, चाक त्यावर आडवें ठेवावें, आणि चाकाची धांव दोन्ही हातांनीं मोटारीच्या चक्राप्रमाणें डावीकडे फिरवावी. अठ्ठावीस इंची चाकाएवढा लांब दांडा कोणत्या पान्याला मिळणार?

नवें फ्रीव्हील बसवावयाचें झाल्यास मात्र माप पाहिल्याशिवाय बसवूं नये. इंग्रजी व भारतीय तुंब्यांचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचास २४ असे असतात. म्हणजे सुमारें ३४.८ मिलिमीटर. जुन्या फ्रेंच तुंब्यांचे ३४.७ मिलिमीटर, आणि दोन आट्यांतील अंतर बरोबर एक मिलिमीटर. फरक इतका सूक्ष्म कीं, एकाचें दुसऱ्यावर दोन फेरे सहज चढतें, तिसऱ्या फेऱ्यास जड जातें, आणि तेथें हट्टानें जोर केला म्हणजे तुंब्याचे आटे कापले जाऊन सबंध चाक निकामी होतें. हातानें तीन-चार फेरे हलकेपणें न चढल्यास तें आपलें नव्हे असें समजून परत करावें.

आतां आमच्या मागच्या चाकाकडे वळूं. रॉकेलानें मळ उतरला तेव्हां प्रथम स्टर्मी-आर्चर हें नांव वाचतां आलें, मग ए आणि डब्ल्यू अशीं दोन अक्षरें, आणि त्यांच्या खालीं ५१ हा आंकडा. उजव्या नटांतून एक बारीक गंजकी साखळी लोंबत होती. ती आम्हीं आजवर तुटलेल्या ब्रेकचा कांहीं भाग समजत होतों! तो साधा तुंबा नव्हताच. तो तीन गतींचा तुंबा होता.

नॉटिंगहॅमच्या या कंपनीनें आपला पहिला तीन गतींचा तुंबा १९०२ सालीं बाजारांत आणला. ए-डब्ल्यू हा तिचा प्रकार १९३६ च्या सुमारास निघाला आणि पुढें कित्येक दशकें जवळ जवळ न बदलतां बनत राहिला. कंपनीची एक चांगली रीत अशी कीं, तुंब्याच्या अंगावर तो कोणत्या सालचा तें उमटवीत. युद्धापूर्वींच्या तुंब्यांवर बहुधा एकच आंकडा असतो, ८ म्हणजे १९३८. पुढें दोन आंकडे येऊं लागले, आणि पुष्कळांवर महिनाहि. ५१ म्हणजे १९५१, याविषयीं शंका राहिली नाहीं. अण्णा १९४८ सालीं वारले होते.

आम्हीं हात पुसले आणि पुढचें चाक घेतलें. त्याचे आरे ३२, आणि मळाखालीं तीन बंदुका. हें चाक अण्णांचें असण्यास कोणतीहि हरकत नव्हती. मागचें नव्हतें.

आत्यास जाऊन विचारलें तेव्हां ती जपमाळ बाजूस ठेवून म्हणाली, "अरे, मग मी काय म्हणत होतें इतकीं वर्षें?" हकीकत तिनें चार वाक्यांत सांगितली, आम्हांस ती सांगावयास थोडी अधिक जागा लागेल. अण्णांच्या मागें घरांत मिळवतीं माणसें दोनच, आत्या आणि आमचे वडील. दोघेंहि शिक्षक. आत्याची शाळा जवळ; वडिलांची वर सड्यावर, आणि मध्यें चढण. १९५१ च्या पावसाळ्यांत वडिलांना विषमज्वर झाला. त्यांतून ते उठले, पण चढण चढतांना छाती भरून येई आणि अर्ध्या वाटेवर सायकल हातीं धरून उभें राहावें लागे. नोकरी सोडण्याच्या गोष्टी घरांत होऊं लागल्या. मुंबईच्या एका नातेवाइकानें तीन गतींच्या चाकाविषयीं आत्यास लिहिलें होतें. तिनें आपल्या पगारांतून सांठविलेले पैसे त्याच्याकडे पाठविले, आणि दुसऱ्या वर्षीं उन्हाळ्यांत, आगबोटी बंद होण्यापूर्वीं, तें चाक गोणपाटांत गुंडाळून बोटीनें आलें व पडावांतून किनाऱ्यास लागलें. बहिणीच्या पैशानें चाक घेतलें असें चारचौघांत होऊं नये, म्हणून आजीनेंच सर्वांस सांगितलें कीं, अण्णांनीं मागें ठेवलेल्या पैशांतून घेतलें. धाकटे काका तेव्हां सहा वर्षांचे. त्यांनीं जें ऐकलें तें पुढें आम्हीं ऐकलें. वडील तीस वर्षें त्या चढणीवरून शाळेस गेले.

"तुम्ही कधीं स्पष्ट कां सांगितलें नाहीं?" असें पुतण्यानें विचारलें. "दरवर्षीं सांगत होतें कीं," आत्या म्हणाली.

या यंत्राचें आश्चर्य असें कीं, तें सगळें मुठीएवढ्या डब्यांत बसतें. आंसावर मध्यभागीं २० दांत्यांचें एक चक्र पक्कें बसविलेलें असतें. सभोंवतीं त्याच्यावरून फिरणारीं लहान चक्रें, आणि त्यांच्याबाहेर आंतून दांते असलेलें ६० दांत्यांचें कडें. सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशी ही रचना आहे. मधल्या गतींत साखळीचा फेरा तितकाच चाकाचा. वरच्या गतींत साखळीच्या तीन फेऱ्यांत चाकाचे चार, आणि खालच्या गतींत साखळीच्या चार फेऱ्यांत चाकाचे तीन. आमच्या सायकलीस पुढें ४८ व मागें १८ दांते आहेत. त्या हिशेबानें पायडलाच्या एका फेऱ्यांत मधल्या गतींत सुमारें सहा मीटर, वरच्यांत आठ, आणि खालच्यांत साडेचार मीटर अंतर तुटतें. सहांचे साडेचार झाले म्हणजे छातीवरचा भार चौथ्या हिश्शानें उतरला. वैद्यानें याहून काय केलें असतें?

आत्याच्या बोलण्यांत एक गोष्ट अशी आली कीं, जी यंत्र न पाहिलेल्या माणसास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ती म्हणाली, "तो बेड्यांतून बाहेर पडला कीं चाक टिकटिक करीत जाई. चढणीपाशीं टिकटिक बंद होई. मग मी आंत येत असें." हें शब्दशः खरें आहे. मधल्या व वरच्या गतींत तुंब्याच्या डाव्या अंगाचे कुत्रे नुसते घसटत असतात, म्हणून टिकटिक ऐकूं येते. खालच्या गतींत तेच कुत्रे ओझें ओढूं लागतात, आणि आवाज थांबतो. टिकटिक थांबली म्हणजे भावानें खालची गति धरली.

त्यानंतर चाक भंगारांत देण्याचा प्रश्नच उरला नाहीं. परंतु तें फिरत नव्हतें. पायडल मारलें तर नुसतें सरकत होतें, जणूं आंत कांहीं धरीतच नाहीं. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. तेल सोडावयाच्या भोकांतून एक पिंवळट, चिकट, खवट वासाचा चीक बाहेर आला. तें खोबरेल होतें. कोंकणांत दाराच्या बिजागरीपासून केसांपर्यंत सर्वांस एकच औषध, आणि सायकलीसहि घरांतल्या कोणीतरी, आम्हांस वाटतें आम्हीच, तेंच पाजलें होतें. वनस्पतीचें तेल हवेनें हळूहळू राळेसारखें होतें. खोबरेल तर थंडींत थिजतेंहि. त्या राळेनें स्प्रिंगा चिकटून बसल्या होत्या आणि कुत्रे उघडतच नव्हते. जाड ग्रीस फ्रीव्हीलांत किंवा या तुंब्यांत भरल्यानेंहि हाच परिणाम होतो. ग्रीस पुढच्या चाकास द्यावें. जेथें कुत्रे आहेत तेथें पातळ खनिज तेलच पाहिजे. फ्रीव्हीलास शिवणयंत्राचें तेल उत्तम. तुंब्यास त्याहून किंचित् दाट, इंजिनाचें पातळ तेल घालावें.

आम्हीं तुंबा उघडला नाहीं. आंतल्या यंत्राचे भाग पुन्हां क्रमवार बसविणें शक्य आहे, पण सोळाव्या वर्षाची आठवण अजून ताजी होती. भोकांतून रॉकेल भरलें, चाक फिरविलें, आडवें ठेवून गळूं दिलें. असें शनिवार, रविवार दोन दिवसांत सात वेळां केलें. पहिलें रॉकेल काकवीसारखें बाहेर आलें, सातवें स्वच्छ. मग दोन चमचे तेल घातलें. डाव्या बाजूचा कोन सैल करून इतकाच आवळला कीं, धांवेशीं हलवून पाहिल्यास किंचित् खुळखुळ जाणवावी. मुळींच न जाणवेल इतका आवळला तर गोळ्या रगडल्या जातात. उजवा कोन हातास लावूं नये. लोंबणारी साखळी नवी लागली. ती जुळवितांना मधल्या गतींत तिच्या दांडीचें टोंक आंसाच्या टोंकाशीं समपातळींत आलें पाहिजे, नटाच्या खिडकींतून तें दिसतें. हें माप चुकलें तर या तुंब्यांत एक धोका आहे: मधल्या आणि वरच्या गतींच्या दरम्यान एक जागा अशी आहे कीं, तेथें कांहींच धरत नाहीं. उभें राहून जोरानें पायडल मारणारा माणूस तेथें एकदम पुढें फेंकला जातो. वडिलांच्या हनुवटीवर एक जुना वण होता. त्याचें कारण त्यांनीं आम्हांस कधीं सांगितलें नाहीं; आतां आमचा तर्क धांवतो.

आणखी एक सूचना समुद्रकांठच्या वाचकांसाठीं. भाट्याच्या ओल्या वाळूवर सायकल घालणें मुलांस फार आवडतें, आणि त्यांना अडविण्यांत अर्थ नाहीं. पण घरीं आल्यावर त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें चाकें धुवावीं, पुसावीं, आणि तेल द्यावें. खारें पाणी तुंब्याच्या कडेस एक रात्र राहिलें तर सकाळीं तेथें तांबूस कड दिसते. पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि पावसाळ्यानंतर एकदां तेल, एवढा नेम पुरेसा आहे. वापरांत नसलेली सायकल जमिनीवर उभी न ठेवतां टांगावी. सारवलेल्या जमिनीची ओल चाकांतून वर चढते.

सोमवारीं भंगारवाला आला आणि जुन्या पत्र्यांवर समाधान मानून गेला. संध्याकाळीं चाक बसवून सायकल ओटीवर उलटी ठेवली, आणि पुतण्यानें हातानें पायडल फिरविलें. टिकटिक चालूं झाली. आत्यास आतां ऐकूं कमी येतें, म्हणून तिनें मागच्या नळीवर दोन बोटें ठेवलीं. "खालची घाल," ती म्हणाली. त्यानें घातली. ती कांहीं वेळ बोटें तशींच ठेवून होती, मग म्हणाली, "हां, चढण लागली."

पुढचें चाक अद्याप व्हावयाचें आहे. कोनावर खड्डे पडले आहेत, ते नखास लागतात, म्हणून कोन नवे घ्यावे लागतील. गोळ्या प्रत्येक बाजूस दहा, तीन-सोळांश इंच मापाच्या. त्या गांवांत मिळाल्या. नव्या गोळ्यांत जुन्या मिसळावयाच्या नाहींत, कारण झिजलेली गोळी भार घेत नाहीं आणि तो शेजारच्या गोळीवर पडतो. आवळणी बरोबर झाली कीं नाहीं हें पाहण्याची जुनी खूण अशी कीं, अधांतरी धरलेलें चाक केवळ हवा भरावयाच्या नळीच्या वजनानें आपोआप फिरून नळी खालीं यावी. तेलाच्या भोकावरची लहान चकती मात्र कोठेंच मिळाली नाहीं. तूर्त तेथें पितळी पत्र्याची एक पट्टी वांकवून बसविली आहे.